गोल मारणारा विंगर ठेवायचा की मागे येऊन खेळणारा?

आइस हॉकीचा सीझन संपला की आमच्या टोरोंटोच्या ग्रुपमध्ये दरवर्षी हाच वाद, कीपर लीगची (खऱ्या प्लेअर्सची आपली कागदावरची टीम करायची आणि त्यातले काही पुढच्या वर्षासाठी ठेवायचे) यादी द्यायची तारीख जवळ येते, विंगर, म्हणजे कडेने खेळणारे फॉरवर्ड, दोन आणि जागा एकच. एक चाळीस गोलवाला पण पक गेला की मागे निवांत येणारा, दुसरा वीस-पंचवीस गोलवाला पण शेवटच्या दोन मिनिटांत कोच हमखास त्यालाच बर्फावर पाठवतो. बहुतेक जण डोळे झाकून पहिला ठेवतात. मी पण ठेवायचो, आता नाही ठेवत, म्हणजे आधी दोन-तीन गोष्टी तपासतो आणि मगच.

इथल्या लोकांच्या मनातून 2021 चा उन्हाळा अजून गेलेला नाही. टोरोंटोच्या टीममधल्या विंगर झॅक हायमनचं काँट्रॅक्ट संपलेलं, त्या छोट्या सीझनमध्ये 43 मॅचमध्ये 15 गोल, बाकी सगळी मेहनतीची कामं. कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगाराची मर्यादा, 81.5 मिलियन डॉलरवर अडकलेली, त्यातली जवळजवळ निम्मी मॅथ्यूज, टवारेस, मार्नर आणि नायलँडर या चौघांतच गेलेली, मग हायमन एडमंटनला गेला, 7 वर्षं, वर्षाला 5.5 मिलियन. तिथे स्टार प्लेअर मॅकडेव्हिडच्या शेजारी नेटसमोर उभा राहून 2023-24 मध्ये 54 गोल, वर प्लेऑफमध्ये 16! "मेहनती" म्हणून सोडलेला माणूस. पण नाण्याची दुसरी बाजू पण बघा, पुढच्या सीझनला तो 27 वर आला, आणि टोरोंटोने ठेवलेला नायलँडर, ज्याला इथे आळशी आळशी म्हणून लोकांनी नको नको केलेलं, त्याने 40, परत 40 आणि मग 45 मारले. म्हणजे गोलवाला ठेवला हे चुकलं असं मी म्हणणार नाही.

मग बघायचं काय? गोल येतात कुठून ते. पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा एक जण पेनल्टी बॉक्समध्ये असताना, मोकळी जागा मिळते आणि चांगला शॉट असलेला माणूस तिथे पोट भरून खातो. पॅट्रिक लाइनेने 2024-25 मध्ये मॉन्ट्रियलसाठी 52 मॅचमध्ये 20 गोल केले, त्यातले 15 पॉवर प्लेवर. शॉट अप्रतिम आहे, वादच नाही, पण उद्या पहिल्या पॉवर प्ले युनिटमधली जागा गेली की अशा प्लेअरकडे राहतं काय? जेफ स्किनरचं तर उदाहरण पाठच करून ठेवा. 2018-19 मध्ये 40 गोल, बफेलोने 8 वर्षांसाठी वर्षाला 9 मिलियन दिले, पुढच्या दोन सीझनला 14 आणि 7. नंतर तो 33 आणि 35 वर परत आला हे खरं, तरी 2024 मध्ये त्यांनी काँट्रॅक्ट बायआउट केलंच, म्हणजे पैसे देऊन मोडलं. गोलवाल्याचा शॉट जाईनासा झाला की कोच त्याला बसवतो, आईस टाइम कमी झाला की गोल आणखी कमी, हे चक्र फार वाईट.

आता दुसऱ्या जातीचा विंगर. टोरोंटोत आल्यावर पहिली दोन वर्षं मी फक्त पकच्या मागे बघायचो, त्यामुळे हे काम मला दिसायचंच नाही. एका गोलची आघाडी, शेवटचं मिनिट, आपला डिफेन्समन बोर्डला घासत पक फिरवतो आणि तो येतो विंगरच्या पायापाशी, त्याची पाठ रिंककडे, मागून समोरचा डिफेन्समन सुसाट येतोय आणि धक्का बसणार हे त्याला पक्कं माहीत असतं. तरी तो हलत नाही, खांदा काचेवर आपटतो, आणि त्याच क्षणी स्टिकच्या टोकाने पक दोन-तीन फूट पुढे, ब्लू लाइनच्या, म्हणजे आपल्या भागाच्या रेषेच्या, बाहेर. संपलं. स्कोअरशीटवर याची काही नोंद नाही. पण ज्याच्यावर कोच एवढा भरवसा टाकतो त्याला पुढच्या मॅचला पण मिनिटं मिळतात, आघाडी असताना तोच बर्फावर असतो म्हणून समोरच्यांनी गोली (गोलकीपर) काढून जादा प्लेअर आणला की एम्प्टी नेटचे, म्हणजे रिकाम्या जाळीतले, गोल पण त्यालाच मिळतात, आणि शॉट जात नसले तरी तो बेंचवर जात नाही.

प्लस-मायनस (तो बर्फावर असताना आपले झालेले गोल वजा समोरच्यांचे) बघून डिफेन्स ठरवू नका हं, तुमच्या टीमचा गोली वाईट असला की चांगला माणूस पण मायनसमध्ये जातो. पेनल्टी किलवर, म्हणजे आपला एक जण पेनल्टी बॉक्समध्ये असताना, किती खेळतो ते बघा.

आता एक अडचण, आणि ती खरी आहे. विंगरच्या डिफेन्सकडे लोकांचं लक्षच नसतं, सेल्की ट्रॉफी, म्हणजे डिफेन्स चांगला करणाऱ्या फॉरवर्डचं बक्षीस, शेवटची विंगरला मिळाली ती 2003 मध्ये, येरे लेहटिनेनला, नंतर सगळे सेंटर, म्हणजे मधे खेळणारे. त्यामुळे असे प्लेअर आपल्या लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्लेअर निवडताना, उशिरापर्यंत शिल्लक असतात. ब्लेक कोलमन मला प्रचंड आवडतो, टॅम्पाचे 2020 आणि 2021 चे दोन्ही स्टॅन्ली कप त्याच्या लाइनशिवाय मी कल्पनेत पण आणू शकत नाही, पण तुमच्या लीगमध्ये फक्त गोल-असिस्ट मोजत असतील तर त्याच्यावर कीपरची जागा घालवू नका, 2023-24 मध्ये 30 गोल केले पण त्याआधी तो तिथे कधीच पोचला नव्हता. अशा लीगमध्ये गोलवालाच ठेवा, फक्त त्याचे निम्म्याहून जास्त गोल फाइव्ह-ऑन-फाइव्हचे (दोन्हीकडे पाच-पाच जण असतानाचे) असले पाहिजेत. हिट्स (दिलेले धक्के), ब्लॉक्स (अडवलेले शॉट), शॉट्स मोजत असतील तर मात्र माझं मत सरळ दुसऱ्याला.

आणि दोघं तोडीस तोड असतील तर वय बघा. मार्च 2022 मध्ये टॅम्पाने ब्रँडन हेगलसाठी दोन फर्स्ट राउंड पिक (नवे प्लेअर पहिल्या फेरीत निवडायचे हक्क) आणि वर दोन प्लेअर दिले तेव्हा किंमत ऐकून आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांचे डोळे पांढरे झाले, तेव्हा तो 23 वर्षांचा, शिकागोत 55 मॅचमध्ये 21 गोल आणि मागे जीव तोडून खेळणारा. मिनिटं वाढत गेली आणि 2024-25 मध्ये त्याचे 35 गोल, 90 पॉइंट (गोल आणि असिस्ट मिळून). म्हणून यादी द्यायच्या आदल्या रात्री मी दोघांचा नोव्हेंबरचा आणि मार्चचा आईस टाइम शेजारी शेजारी लिहून काढतो, ज्याचा वाढलाय तो राहतो.