अमेरिकेचे ड्रोन विधेयक: शेअर छोट्या ड्रोन कंपनीचा की बड्या संरक्षण कंपनीचा?

2025 साली अमेरिकी काँग्रेसमध्ये मांडलेल्या 'स्कायफाउंड्री' विधेयकाचा रोख लष्कराच्याच कारखान्यातून वर्षाला 10 लाख छोटे ड्रोन काढण्यावर आहे. याची झळ रेड कॅटसारख्या, ड्रोनवरच जगणाऱ्या कंपन्यांना अधिक बसेल. सरकारच उत्पादक झाले की स्वस्त, साचेबंद ड्रोनवरचा नफा आटतो. मोटर, बॅटरी, कॅमेरा पुरवणाऱ्यांचे मात्र फावते. दुसरीकडे, 2023 च्या अमेरिकन सिक्युरिटी ड्रोन कायद्याने सरकारी खरेदीतून चिनी ड्रोन बाहेर काढले, त्याचा लाभही याच छोट्यांना. पण भांडवलासाठी त्या नवे शेअर काढतात. विक्री वाढूनही जुन्या भागधारकाचा वाटा घटतो. विधेयकापेक्षा हाच धोका मोठा वाटतो.

लॉकहीड मार्टिन, नॉर्थ्रॉप ग्रुमन या बड्या संरक्षण कंपन्यांना फरक जेमतेम. त्यांचा महसूल लढाऊ विमाने, क्षेपणास्त्रांवर चालतो, वर लाभांशही मिळतो. अर्थात, ड्रोनच्या लाटेवर उसळीही नाही.

फसगत दोन्हीकडे एकच: असे विधेयक किंवा लष्करी योजनांना दरवर्षी मान्यता देणारा संरक्षण अधिकृतता कायदा केवळ मंजुरी देतो, पैसा वेगळ्या विनियोजन विधेयकातून सुटतो. म्हणून बातमीवर खरेदी करण्याआधी तिमाही अहवालात निधी मिळालेल्या आणि न मिळालेल्या ऑर्डरींचे आकडे वेगवेगळे पाहावेत.