डेमलर चिलखती मोटार : माघारी येण्याचा विचार करून घडवलेली गाडी

दुसऱ्या महायुद्धातील वाहनांचे मूल्यमापन करताना चिलखताची जाडी आणि तोफेचा आकार एवढेच पाहण्याची सवय अनेकांना लागलेली आहे; पण टेहळणीसाठी बांधलेल्या गाडीला हा निकष लावणे अन्यायाचे ठरते. शत्रू कोठे आहे, किती आहे आणि कोणत्या दिशेने सरकतो आहे हे पाहून ती बातमी मागे जिवंत पोहोचवणे हेच तिचे काम असते. या कसोटीवर ब्रिटनची डेमलर चिलखती मोटार ही त्या युद्धातील सर्वांत विचारपूर्वक घडवलेली चाकांची गाडी होती, असे माझे ठाम मत आहे.

बीएसए कंपनीने युद्धाच्या तोंडावर आखलेली आणि पुढे ‘डिंगो’ या नावाने प्रसिद्ध झालेली छोटी टेहळणी गाडी हा या मोटारीचा पाया होता. तीच रचना मोठी करून, तिच्यावर टेट्रार्क या हलक्या रणगाड्याच्या धर्तीचा दोन माणसांचा बुरूज बसवावा, ही कल्पना कागदावर सोपी वाटत असली तरी वाढलेले वजन गिअर आणि चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्यांना झेपेना, आणि 1939 च्या अखेरीस नमुना तयार होऊनही गाडी प्रत्यक्ष पलटणींच्या हाती पडायला 1941 उजाडले. एकूण सुमारे 2,700 गाड्या बनल्या.

हिचे खरे कौतुक पोटात दडलेल्या यंत्रणेचे आहे. हिला वेगळी चासी, म्हणजे खालची आधाराची चौकट, नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि स्प्रिंगा थेट चिलखती सांगाड्यालाच जोडलेल्या आहेत. मागे बसवलेल्या 95 अश्वशक्तीच्या सहा सिलिंडरी इंजिनाची शक्ती मध्यभागी असलेल्या एकाच डिफरन्शियलमध्ये (डाव्या-उजव्या चाकांत शक्ती वाटणाऱ्या गिअरसंचात) येते आणि तेथून चार स्वतंत्र दांड्यांनी चारही चाकांकडे जाते. त्यामुळे गाडीच्या पोटाखालून आडवे अॅक्सल जात नाहीत, सांगाडा जमिनीलगत ठेवता येतो आणि प्रत्येक चाक आपापल्या स्प्रिंगवर स्वतंत्रपणे खालीवर होते. त्या काळी मोटारींत अगदी दुर्मिळ असलेले डिस्क ब्रेकही हिला होते. सुमारे साडेसात टनांची ही गाडी चांगल्या रस्त्यावर ताशी 80 किलोमीटरपर्यंत धावत असे.

गिअर बदलण्याची पद्धत मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. विल्सन पद्धतीच्या या गिअरबॉक्समध्ये चालक पुढे लागणारा गिअर आधीच निवडून ठेवतो, पण तोवर काहीच घडत नाही. क्लचच्या जागी असलेले पेडल दाबून सोडले की निवडलेला गिअर पडतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलातून शक्ती पुढे देणारे फ्लायव्हील (जड चाक) असल्यामुळे गिअरमध्ये उभी असतानाही गाडी बंद पडत नाही. अंधारात, खड्ड्यांतून, डोक्यावर गोळीबार चालू असताना चालकाचे एक ओझे यामुळे कमी होत असे. मात्र पेडल अर्धवट दाबले तर ते जोरात उसळून पायावर येते, हा या जातीच्या गिअरबॉक्सचा जुना दोष आहे आणि नवख्या चालकाने तो धडा लवकर शिकावा हे बरे.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे पुढचे पाचही गिअर उलट दिशेनेही वापरता येतात. बुरुजाच्या मागच्या बाजूला दुसरे स्टिअरिंग चाक आहे. अरुंद वाटेवर अचानक शत्रूची तोफ समोर आली, तर गाडी वळवण्यात वेळ न घालवता कमांडर मागे तोंड करून ती हाकू शकतो. जर्मनांच्या आठचाकी गाड्यांमध्येही मागे चालक असे, पण इतक्या लहान गाडीत ही सोय बसवणे हे आखणीकारांचे मोठे यश आहे.

दोषही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. गाडीत माणसे तीनच, त्यामुळे कमांडरलाच तोफ भरावी लागे. ज्याने सतत बाहेर पाहायचे, त्याचेच हात गोळ्यांत गुंतलेले. 40 मिलिमीटरची ‘टू पाउंडर’ तोफ 1942 नंतर जाड चिलखताच्या जर्मन रणगाड्यांपुढे अपुरी पडू लागली, आणि तिला बराच काळ केवळ चिलखतभेदी गोळेच पुरवले गेल्यामुळे खंदकातील पायदळावर ती फारशी उपयोगी नव्हती. नळीच्या टोकाला ‘लिटलजॉन’ हा निमुळता जोड लावून गोळ्याचा वेग वाढवला गेला, परंतु जोड लावल्यावर साधे गोळे डागता येत नसत. सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट ही की चालकाला संकटात बाहेर पडण्यासाठी वेगळी वाट दुसऱ्या आवृत्तीत मिळाली. ती पहिल्यापासूनच असायला हवी होती.

उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात अकराव्या हुसार्ससारख्या अनुभवी ब्रिटिश पलटणीने ही गाडी वापरली. ब्रह्मदेशाच्या पुनर्विजयात सोळाव्या लाइट कॅव्हलरी या भारतीय पलटणीकडे इतर गाड्यांबरोबर डेमलरही होत्या, आणि तिचे नेतृत्व करत होते जयंतोनाथ चौधुरी, ज्यांनी पुढे 1948 मध्ये हैदराबादची कारवाई हाताळली आणि नंतर लष्करप्रमुखपद भूषवले. आपल्याकडील लष्करी इतिहासात या पलटणीच्या कामगिरीला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

हिची जागा घेण्यासाठी ‘कॉव्हेंट्री’ ही चिलखती मोटार आखली गेली होती, पण डेमलर तिच्यापेक्षा जास्त काळ टिकली आणि ब्रिटनच्या राखीव पलटणींत 1960 च्या दशकापर्यंत वापरात राहिली. डेमलर कंपनीनेच 1950 च्या दशकात बनवलेल्या ‘फेरेट’ या गाडीतही चार दांड्यांची तीच मांडणी, तेच तेलावरचे फ्लायव्हील आणि आधी निवडून ठेवायचे तेच गिअर कायम ठेवले गेले.