एअर प्युरिफायर: धुळीला चोख, कोंदटपणाला बिनकामाचा

ह्यांना सकाळी उठल्याबरोबर शिंकांचा सपाटा सुरू होतो, म्हणून बेडरूमसाठी हा प्युरिफायर घेतला. धुळीच्या बाबतीत गडी चोख आहे. चादर झटकली की वरचा पीएम २.५चा, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचा, आकडा झरझर चढतो, पंखा आपोआप घरघरायला लागतो आणि थोड्या वेळात आकडा पुन्हा खाली. शिंका निम्म्यावर आल्या असं ह्यांचं म्हणणं. मला विचाराल तर निम्म्याहून जास्तच उरल्यात, पण फरक आहे.

खोक्यावर ‘इतक्या चौरस फुटांसाठी’ असं ठळक छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. सीएडीआर बघा, म्हणजे तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा मिळते तो आकडा. याचा २५० आहे. आमची खोली १२० चौरस फुटांची, छत नऊ फुटांवर, म्हणजे साधारण ३० घनमीटर हवा. तासाला आठेक वेळा गाळून होते, झकास! गोम अशी की हा हिशेब फुल स्पीडचा, आणि फुल स्पीडला झोपेचं खोबरं. स्लीप मोडवर आवाज जवळजवळ नाही, पण कामही तितकंच मंद. म्हणून मी झोपायच्या तासभर आधी दार लावून फुल सोडते, मग कमी करते.

बारीक कण अडवणाऱ्या एच१३ हेपा फिल्टरबद्दल तक्रार नाही. बाहेरच्या जाळीवर मात्र केस आणि करड्या धुळीचा असा थर साचतो की बघवत नाही. ती व्हॅक्यूमने साफ करा. हेपाला पाणी लावू नका. बाजूच्या सेन्सरच्या भोकातही धूळ बसते आणि मग आकडे भलतेच दिसतात. कापसाच्या काडीने हलकेच पुसायचं.

कार्बनचा थर नावालाच. नव्या प्लायवूडच्या कपाटाचा वास काही हटला नाही. वायू शोषायला कार्बन भरपूर लागतो, इथे नुसती पातळ जाळी. हवेत विद्युतभारित कण सोडणाऱ्या आयनायझरचं बटण मी बंदच ठेवलंय, त्याने फुफ्फुसांना त्रासदायक ओझोन वायू तयार होऊ शकतो.

आणि दार-खिडकी लावून दोघं झोपलो की सकाळी डोकं जड होतं ते होतंच. श्वासातून साठणारा कार्बन डायऑक्साइड कुठलाच हेपा अडवत नाही, त्याला खिडकीच उघडावी लागते. हे खोक्यावर कोणी छापत नाही.

चार तारे. पाचवा कापला तो निळ्या दिव्यासाठी. स्लीप मोडमध्येही तो पुरता विझत नाही. मी त्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली आहे.