ॲमस्टरडॅमचं कालव्याकाठचं घर: पुढचं घ्यावं की मागचं?

ॲमस्टरडॅमच्या हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त किंवा प्रिन्सेनग्राख्तवर भाड्याचं घर शोधताना हा प्रश्न पडतोच. १६१३ पासून खणलेल्या या कालव्यांकाठचे भूखंड अरुंद आणि खोल. म्हणून बऱ्याच ठिकाणी एका दारामागे दोन घरं असतात: कालव्याकडे तोंड केलेलं पुढचं, आणि मध्ये उजेडापुरता चौक सोडून बांधलेलं मागचं. दुसऱ्या महायुद्धात डायरी लिहिणाऱ्या ॲन फ्रँकचं ज्यू कुटुंब नाझींपासून लपलं होतं ते प्रिन्सेनग्राख्त २६३ च्या मागच्या घरात. रस्त्यावरून ते दिसतच नाही.

पुढच्या घराचं सुख म्हणजे खिडक्या. रुंदी पाच-सहा मीटर, त्यामुळे उजेड आत खोलवर पोचावा म्हणून त्या उंच आणि मोठ्या. मात्र वारसा म्हणून संरक्षित इमारतीत त्या परवानगीशिवाय बदलता येत नाहीत. काच एकेरी असेल, तर हिवाळ्यात गारठा आणि उन्हाळ्यात बोटींवरचा गलका, दोन्ही थेट घरात. सामानाची सोय मात्र उत्तम. वर तुळईला हुक असतो. कप्पी आणि दोर लावून कपाट खिडकीतून आत घेतात. वर चढणारं ओझं भिंतीवर आपटू नये म्हणून कित्येक दर्शनी भिंती मुद्दामच पुढे झुकवलेल्या आहेत.

मागच्या घरात शांतता, आणि नशीब असेल तर खिडकीखाली बाग. पण तिथवर सोफा न्यायचा कसा, हे सही करण्याआधी विचारा. जिन्यानं तो जाणार नाही.

जिना दोन्हीकडे सारखाच छळतो: शिडीसारखा उभा, पायरीवर पाऊल पुरतं मावत नाही, कठड्याऐवजी कधी नुसता दोर. पुण्याहून आई-बाबा तीन महिने राहायला येणार असतील तर दुसऱ्या मजल्याच्या वरचं काही बघूच नका, मग दृश्य कितीही सुंदर असो.

मी मागचं घर घेईन. घरून काम करणाऱ्याला शांततेचं मोल जास्त.

पुढे झुकलेली भिंत बघून घाबरू नका. बाजूला कललेलं घर मात्र नीट तपासा. ही घरं लाकडी खांबांवर उभी आहेत, आणि ते खांब सुमारे १२ मीटर खोल वाळूच्या थरात रोवलेले असतात. पाण्याखाली ते शतकानुशतकं टिकतात. पाणी उतरून माथे उघडे पडले की कुजतात. जमिनीवर एक गोटी ठेवा. ती घरंगळली, तर पायाची दुरुस्ती कधी झाली हे घरमालकाला विचारा.