रिकामी बाटली तपासावी की भरलेली?

मोसंबीचा रस पेट (पीईटी) प्लास्टिकच्या बाटलीत भरला, झाकण घट्ट बसलं, थेंबही गळत नाही, तरी काही महिन्यांत रस तपकिरी पडतो. पेटमधून आणि झाकणातून ऑक्सिजन सतत आत झिरपत असतो. समजा बाटलीत रोज 0.03 सीसी शिरतो. 90 दिवसांत 2.7 सीसी, म्हणजे सुमारे 3.5 मिलिग्रॅम झाला. रासायनिक हिशोबाने तेवढा ऑक्सिजन 38 मिलिग्रॅमपर्यंत क जीवनसत्त्व संपवू शकतो. म्हणून बाटली ठरवण्याआधी मोजमाप हवंच.

कूलोमेट्रिक, म्हणजे विद्युतभार मोजण्याच्या पद्धतीत रिकाम्या बाटलीतून नायट्रोजन खेळवतात, बाहेर साधी हवा असते. आत आलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत वाहून नेला जातो आणि तिथे प्रत्येक रेणूमागे 4 इलेक्ट्रॉन मोजले जातात. एएसटीएम या मानक संस्थेची एफ 1307 ही प्रमाणित चाचणी याच तत्त्वावर चालते. दोन पुरवठादारांच्या बाटल्या ताडून पाहायला ही उत्तम. पण बाटली कोरडी असते. ऑक्सिजन अडवणाऱ्या ईव्हीओएच प्लास्टिकचा थर ओलाव्याने कमजोर होतो, ते इथे दिसणार नाही.

दुसरी पद्धत प्रकाशाची. बाटलीच्या आत एक छोटा ठिपका चिकटवतात. बाहेरून प्रकाश टाकला की तो चमकतो, आणि ऑक्सिजन जास्त तितकी चमक लवकर विझते. बाटली न उघडता तीच बाटली महिनोन्‌महिने तपासता येते. फक्त ती पारदर्शक हवी.

रस भरून विकणाऱ्याला मी सांगेन, दुसरीच धरा. मात्र चाचणीला रस भरू नका! रसातलं क जीवनसत्त्व आलेला ऑक्सिजन खाऊन टाकतं, आकडा कमी दिसतो आणि बाटली चांगली वाटते. ऑक्सिजन काढलेलं निर्जंतुक पाणी भरा, तेही काठोकाठ. वर हवेची जागा राहिली तर बराचसा ऑक्सिजन तिथेच थांबतो, कारण 25 अंशांना एक लिटर पाण्यात तो जेमतेम 8 मिलिग्रॅम मावतो, हवेत त्याच्या तिसेक पट. सुरुवातीच्या दिवसांचे आकडे दरात धरू नका. पेटच्या भिंतीत आधीपासून मुरलेला ऑक्सिजन तेव्हा बाहेर पडत असतो.

काही बाटल्या गोदामातल्या मे महिन्याच्या उष्णतेत ठेवा, 23 अंशांच्या प्रयोगशाळेतला दर तिथे टिकत नाही. सोबत त्याच झाकणाची एक काचेची बाटली ठेवा. काचेतून काहीच शिरत नाही, त्यामुळे तिच्यात जो ऑक्सिजन वाढेल तो झाकणाचा.