फायरफॉर्म केलेल्या डॅशर ब्रासचं पितळ असं उघडं पडलं, घेणार असाल तर आधी वाचा

अमेरिकेत टार्गेट रायफलच्या नादाला लागलेली आपली बरीच मंडळी आहेत हल्ली, त्यांच्यासाठी लिहितोय. कोणी "फायरफॉर्म केलेली (गोळी मारून आकार दिलेली), एकदाच मारलेली" डॅशर या काडतुसाची ब्रास, म्हणजे रिकाम्या पितळी केस, विकत असेल आणि भाव बरा वाटत असेल तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. मला जवळपास साडेचारशे डॉलरचा चुना लागला. पैशाचं एक वेळ सोडा, ती ब्रास तशीच मारत राहिलो असतो तर एखाद दिवशी गरम गॅस तोंडावर आला असता.

डॅशर माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ६ एमएम नॉर्मा बीआरची केस घ्यायची, तिचा खांदा (नेक म्हणजे तोंडाकडच्या अरुंद मानेखालचा उतार) साधारण एक दशांश इंच पुढे न्यायचा आणि ३० अंशाचा उतार ४० अंशाचा करायचा, की आत पावडर जरा जास्त मावते आणि तीच बुलेट जास्त वेगानं जाते. पण हा खांदा साध्या डायमध्ये (साच्यात) दाबून पुढे जात नाही, सहसा चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलमधल्या काडतुसाच्या जागेत, गोळी मारून, त्या प्रेशरनं फुगवून पुढे नेतात. म्हणून याला वाइल्डकॅट म्हणत आलेत, घरी घडवायचं काडतूस. पीपीसी या दुसऱ्या काडतुसाचं पण तेच, १९७५ मध्ये पाल्मिसानो आणि पिंडेल या जोडीनं .२२० रशियनच्या केसपासून काढलं आणि बेंचरेस्टवाले (टेबलावर रायफल टेकवून नेम साधणारे) बरेच जण तेव्हापासून स्वतःच बसून केस घडवतायत.

मग मी विकत कशाला घ्यायला गेलो? २०२१ साल आठवा. प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली) नाहीत, पावडर नाही, दुकानातली शेल्फं रिकामी. दोनशे केस फॉर्म करायच्या म्हणजे दोनशे प्रायमर, दोनशे बुलेट, तेवढी व्हारगेट पावडर, आणि वर बॅरलच्या आयुष्यातून दोनशे राउंड वजा. डॅशरच्या बॅरलनं मॅचच्या लायकीचे दोन हजारच्या आसपास राउंड दिले तरी आपण खूश असतो, त्यातला दहावा हिस्सा नुसत्या केस फुगवण्यात जाणार. त्यामुळे तयार ब्रासची जाहिरात दिसली की हात शिवशिवतातच, आणि विकणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं.

जाहिरात अशी होती: लापुआ या नावाजलेल्या कंपनीची ब्रास, दोनशे नग, एकदाच मारलेली, नेक टर्न केलेली (मान बाहेरून एकसारखी तासलेली), सोबत "मॅच जिंकणारा लोड", म्हणजे पावडर-बुलेटचं माप, फुकट. फोनवर माणूस एकदम गोड. म्हणे मी आता दुसऱ्या कॅलिबरवर चाललोय, डॅशर बंद, म्हणून काढून टाकतोय. पैसे मात्र ॲपवरून "मित्र आणि कुटुंब" या पर्यायानंच पाठव, नाहीतर कंपनी फी कापते. ही पहिली मेख. त्या पर्यायानं पाठवलेले पैसे कंपनीच्या लेखी भेट असतात, वस्तूची खरेदी नसते, त्यामुळे नंतर तुम्ही किती बोंबललात तरी खरेदीदाराचं संरक्षण लागूच होत नाही.

पार्सल आलं तेव्हा बघून कोणीही भुललं असतं. लापुआचे ओरिजिनल निळे डबे, आत केस अशा चकाचक की घरातल्या समया लाजतील. नेकवर टॉर्चनं दिलेला तो निळसर तपकिरी पट्टा, अगदी कारखान्यातून आल्यासारखा. वरून कीर्तन आतून तमाशा, दुसरं काय.

पहिला संशय प्रायमर बसवताना आला. हँड प्रायमर (प्रायमर बसवायचं हातातलं अवजार) दाबला की चांगल्या पॉकेटमध्ये, म्हणजे प्रायमर बसतो त्या खोबणीत, हाताला एक घट्ट, रबरासारखा विरोध जाणवतो, इथे काही केसमध्ये प्रायमर सरळ घसरत आत. म्हणजे पॉकेट सैल. आणि लापुआ ६बीआरची पॉकेट एका फायरिंगमध्ये सैल होत नाही, त्यासाठी बऱ्याच वेळा आणि बऱ्यापैकी गरम लोड मारावे लागतात. मग सगळ्या केस टेबलावर उलट्या मांडल्या आणि भिंग घेऊन बसलो. बुडाशी कोरलेली अक्षरं काही केसवर चेपलेली, एकीवर तर बोल्टमधल्या इजेक्टरच्या (केस बाहेर फेकणाऱ्या पिनेच्या) भोकाचा गोल ठसा एका अक्षरावरून पुसट गेलेला. स्टीलच्या पिनांबरोबर पाण्यात फिरवून त्यानं चमक आणली होती, पण चेपलेलं अक्षर पॉलिशनं परत उभं राहत नाही!

मग लांबी मोजली. इथे गंमत आहे, नीट बघा. फॉर्म होताना खांदा पुढे आणि बाहेर जातो, त्यासाठी लागणारं धातू नेककडून ओढलं जातं, त्यामुळे खरोखर एकदाच मारलेली केस मूळ ६बीआरपेक्षा आखूड होते आणि प्रत्येकीची लांबी थोडी कमीजास्त असते. तिला ट्रिमर लावायची गरजच नसते. माझ्याकडे आलेल्या सगळ्या लांब, एका मापाच्या, तोंडावर ट्रिमरच्या ताज्या रेघा. म्हणजे आखूड झाल्यावर पुन्हा मारून मारून वाढल्या आणि मग कापल्या. एकदाच मारलेली म्हणे!

फ्लॅश होल, म्हणजे प्रायमरची ठिणगी आत जायचं भोक, पण बघितलं. लापुआच्या ६बीआरला छोटं, दीड मिलिमीटरचं भोक असतं, त्यात जाड डीकॅपिंग पिन (जुना प्रायमर बाहेर काढायची) घातली तर ती अडकते. यातल्या बऱ्याच केसमध्ये जाड पिन आरामात गेली, कोणीतरी ड्रिल मारून भोकं मोठी केली होती. आता दीड आणि दोन मिलिमीटरच्या केस एकाच डब्यात मिसळल्यावर सहाशे यार्डावर ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा घोळका) काय डोंबल येणार.

पण खरा जीवघेणा प्रकार अजून आतच होता. आमच्या रेंजवर सत्तरी ओलांडलेले एक रिटायर्ड मशिनिस्ट येतात, आम्ही देसी पोरं त्यांना मागे आजोबाच म्हणतो. त्यांनी पेपरक्लिप सरळ केली, टोकाला छोटा आकडा वाकवला आणि केसच्या आत बुडापासून वर भिंतीवरून ओढत आणली. म्हणाले, घे, तूच बघ. बुडाच्या जरा वर आकडा टचकन अडकला. आत गोल खाच. मग एक केस हॅकसॉनं उभी चिरली, कड घासून साफ केली, आणि ती खाच उघडी दिसली, भिंत तिथे जवळपास निम्मी पातळ. अशा केसचं बूड पुढच्या फायरिंगला वेगळं होऊ शकतं, आणि मग गॅस बोल्टकडून मागे येतो.

हे का होतं तेही सांगतो, कारण विकणाऱ्याचा आळस इथेच दिसतो. साधी बीआर केस डॅशरच्या चेंबरमध्ये टाकली की खांद्यासमोर मोकळी जागा राहते. फायरिंग पिन केसला पुढे ढकलते, प्रेशर आल्यावर केसचा पुढचा भाग चेंबरला चिकटतो, बूड मात्र मागे बोल्टकडे जातं, मधलं धातू ताणून पातळ. हे टाळायला आधी नेक मोठी करून पुन्हा थोडी खाली आणतात, की एक खोटा खांदा तयार होतो आणि बोल्ट जरा जड बंद होतो. किंवा बुलेट लांब बसवून रायफलिंगमध्ये (बॅरलच्या आतल्या पिळाच्या खाचांत) रुतवतात, म्हणजे बूड बोल्टला टेकून राहतं. त्या माणसानं यातलं काहीच धड केलं नव्हतं, वर ती ताणलेली केस पुन्हा पुन्हा गरम लोडनं मारली, आणि संपली तेव्हा आपल्यासारख्याच्या गळ्यात मारली.

फुकटचा लोड? कार्डावर १०५ ग्रेन बुलेटला ३,१०० फूट प्रति सेकंदाचा वेग लिहिलेला. बरेच डॅशरवाले ३,००० च्या आसपास किंवा त्याच्या खालीच सुखी असतात, त्याच्या एवढं वर गेल्यावर पॉकेट का सैल झाल्या याचं उत्तर त्याच्याच अक्षरात मिळालं की. दुसऱ्याचा लोड तसाही आपल्या रायफलीत कॉपी करायचा नसतो. रीमर (चेंबर कोरायचं हत्यार) वेगळा, फ्रीबोर (चेंबरपुढची मोकळी जागा) वेगळा, नेकची जागा वेगळी, त्याला चालणारा लोड तुमचा बोल्ट जाम करेल. पब्लिश्ड डेटाच्या खालच्या टोकापासून सुरुवात, क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) लावून हळूहळू वर, बोल्ट जड वाटला की थांबायचं, मग सीटिंग डेप्थ (बुलेट केसमध्ये किती खोल बसवायची ते). कंटाळवाणं आहे, पण लोड असाच सापडतो.

फोन केला तर आधी म्हणाला तुझं चेंबर टाईट असेल. मग तुझी डाय चुकीची. चिरलेल्या केसचा फोटो पाठवला तर निम्मे पैसे देतो म्हणाला, पण आधी चांगला रिव्ह्यू टाक. मी नाही म्हटलं, त्यानंतर फोन बंद. ॲपवाल्यांनी हात वर केले. माल टपालानं आला होता म्हणून पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडे (अमेरिकी टपाल खात्याच्या तपास विभागाकडे) मेल फ्रॉडची तक्रार केली, ती नक्की करा, अजिबात पैसे लागत नाहीत. मला पोच आली, पैसे काही आले नाहीत.

पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर .२२ वर शिकलेल्यांना हे सगळं नवीन असतं, त्या रिमफायरची (प्रायमर बुडाच्या कडेत असतो ती) केस रिलोडच होत नाही, मारली की टाकली, त्यामुळे केसचं बूड निरखून बघायची सवयच लागत नाही. इथे सेंटरफायर (बुडाच्या मध्यभागी प्रायमर असलेली) ब्रास घेताना विकणाऱ्याकडून बुडांचा जवळून फोटो मागा, लांबी मागा, कुठल्या रीमरच्या चेंबरमध्ये मारली ते विचारा. सांगायला टाळाटाळ केली तर सोडून द्या. मी आता कोरी बीआर ब्रासच घेतो, आणि गनस्मिथला सांगून संपलेल्या जुन्या बॅरलचा मागचा भाग कापून त्याच रीमरनं पुन्हा चेंबर करून घेतलाय, फॉर्मिंग त्याच्यावर, चांगली बॅरल मॅचसाठी. त्याचा खर्च होतो, पण साडेचारशे डॉलरच्या पुढे गेला नाही.

त्या दोनशे केस पक्कडीनं चेपून भंगारात दिल्या, परत कोणाला विकता येऊ नयेत म्हणून. तुमच्याकडे असा चकाचक माल आला असेल तर एकही राउंड मारू नका, आधी त्यातली एक केस चिरून बघा.