सुपरमार्केटची नवी मांडणी: दिवाळीनंतर ते आषाढापर्यंतचा अनुभव

दिवाळीचा हंगाम उरकला आणि पुण्यात आमच्या घराजवळच्या सुपरमार्केटने आतली मांडणी मुळापासून बदलली. आता आषाढ लागलाय. मधल्या काळात संक्रांत, शिवरात्र, उन्हाळ्याची वाळवणं, लोणच्याचा मोसम, सगळं याच नव्या मांडणीत करून झालं. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसता राग उतरला असता, म्हणून मुद्दाम थांबले. काही गोष्टी खरंच सुधारल्यात, त्या पुढे सांगतेच. पण नेहमीच्या गिऱ्हाइकाला, त्यातही वयस्कर माणसांना, या बदलाचा जो त्रास झाला तो सहज टाळता आला असता. दुकानाने तो टाळला नाही, हे माझं म्हणणं इतक्या महिन्यांनंतरही कायम आहे. दुकानाचं नाव देत नाही, कारण साखळी दुकानांत थोड्याफार फरकाने हेच चालतं.

आमच्याकडे महिन्याचा किराणा मी भरते आणि आठवड्याचं वरचं सामान सासरे आणतात. अण्णा ऐंशीच्या घरातले आहेत आणि त्यांना काचबिंदू आहे. काचबिंदूत आधी कडेची नजर जाते. समोरचं नीट दिसतं, आजूबाजूचं निसटतं. त्यामुळे लांबलचक रॅकवरून नजर फिरवून हवी ती वस्तू हेरणं त्यांना जमत नाही. पण वस्तू कुठे आहे हे ठाऊक असलं की तिथे जाऊन, पाकीट डोळ्यांसमोर धरून ते सगळं वाचतात. वजन, भाव, पॅकिंगची तारीख, काही सोडत नाहीत. जुन्या मांडणीत आत शिरल्यावर डावीकडे डाळी, त्यांना लागून तांदूळ, मग पिठं, वळणावर तेल-तूप आणि पलीकडे मसाले असा क्रम होता. तो त्यांना पाठ होता. पिशवी घेऊन जायचे, कुणाला काही न विचारता पाऊण तासात परत यायचे. या वयात तेवढं एक काम पूर्णपणे त्यांच्या हातात होतं, आणि ते त्यांना फार मोलाचं होतं.

नव्या मांडणीत दारातून आत आलं की समोर बिस्किटं, चॉकलेटं, सुक्यामेव्याचे भेटीचे डबे आणि थंड पेयं. डाळ-तांदूळ पार मागच्या भिंतीला. म्हणजे पावशेर मुगडाळ आणायची तरी सगळं दुकान ओलांडून जायचं. तिथे पोचल्यावरही गोष्ट संपत नाही. छातीच्या उंचीच्या फळीवर ‘अनपॉलिश्ड’, ‘ऑरगॅनिक’ असं छापलेली तूरडाळीची चकचकीत पाकिटं लावलीत. दुकानाची स्वतःची साधी, रोजच्या वरणाची डाळ सगळ्यांत खालच्या फळीवर. अण्णा तिथे गेले, समोरचं पाकीट उचललं, भाव वाचला आणि परत ठेवलं. खाली वाकून बघायचं त्यांच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. घरी आल्यावर म्हणाले, “सूनबाई, त्यांनी साधी डाळ ठेवणं बंद केलेलं दिसतंय.” मी दोन दिवसांनी गेले तर डाळ होती, गुडघ्याच्या खाली.

सगळ्यांत जास्त गोंधळ उपासाच्या सामानाचा. महाशिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी दुकानात जी धावाधाव पाहिली तशी मी आजवर पाहिली नव्हती. साबुदाणा होता पोह्यांशेजारी. राजगिऱ्याचं पीठ बाकीच्या पिठांत. शेंगदाणे काजू-बदामांच्या रांगेत. सैंधव मसाल्यांत. आणि भगर? ती ओट्स आणि म्युसलीच्या शेजारी ‘हेल्थ अँड वेलनेस’ या पाटीखाली. 2023 हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हापासून नाचणी, वरी, राळा यांना बरे दिवस आलेत आणि त्याचा मला आनंदच आहे. भगर हे भरडधान्य आहे, यातही काही चूक नाही. पण महाराष्ट्रात भगर घेणारी बाई ती साबुदाण्याजवळ शोधते, ओट्सजवळ नाही. एक काकू हातात साबुदाण्याचं पाकीट घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होत्या, “अहो ताई, वरई दिसली का हो कुठे?” मी त्यांना घेऊन गेले, तर आमच्या मागून आणखी दोघीतिघी आल्या. मांडणी ठरवणाऱ्याने एखाद्या मराठी घरातल्या बाईला दहा मिनिटं विचारलं असतं तरी हे सामान एका कोपऱ्यात लागलं असतं.

ही मांडणी शाखेतली माणसं ठरवत नाहीत, हे मला हळूहळू कळलं. एकदा सकाळी लवकर गेले होते, तेव्हा तिथली एक मुलगी हातात छापील कागद घेऊन फळीवरच्या बरण्या मोजून लावत होती. कागदावर रॅकचं चित्र होतं. कोणत्या फळीवर कोणता माल, किती पाकिटं दर्शनी. या धंद्यात त्याला प्लॅनोग्राम म्हणतात आणि तो मुख्य कार्यालयातून येतो. नजरेच्या उंचीची फळी सगळ्यांत जास्त खपाची, म्हणून तिथे कोण बसणार हे ठरलेलं असतं. अशा मोक्याच्या जागांसाठी आणि रांगेच्या टोकाला असलेल्या मांडणीसाठी कंपन्या दुकानांना पैसे मोजतात, ही जगभरची रीत आहे. लहान मुलांच्या उंचीवर चॉकलेटं येतात तीही योगायोगाने नाहीत. रोज लागणारा माल आत खोलवर ठेवला की तिथवर जाताना चार जास्तीच्या वस्तू नजरेला पडतात आणि त्यातली एखादी टोपलीत येते.

दुकानाने धंदा करावा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. 1916 साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरन्स सॉन्डर्स यांनी पिगली विगली हे दुकान काढलं. किराण्यात स्वतः माल उचलून घ्यायची पद्धत तिथून रुजली. त्याआधी गिऱ्हाइकाने यादी सांगायची आणि गल्ल्यामागच्या माणसाने माल काढून द्यायचा, आपल्या वाण्याकडे अजून चालतं तसं. स्वतः घ्यायच्या पद्धतीत माल शोधायचं काम दुकानाच्या नोकराकडून गिऱ्हाइकाकडे आलं. बदल्यात आपल्याला माल हाताळायला, भाव ताडून बघायला मिळाला आणि सवलत मिळाली. मला हा व्यवहार मान्य आहे, इतकी वर्षं आनंदाने केलाय. पण हे काम नीट करता यावं म्हणून कुठे काय आहे ते गिऱ्हाईक वर्षानुवर्षं ये-जा करून शिकतं. एका रात्रीत सगळं हलवलं की ती सगळी मेहनत वाया जाते, शोधायचं काम दुप्पट होतं, आणि डाळीचा भाव मात्र तोच राहतो. निदान आधी सांगा तरी. आठ दिवस आधी दारावर फलक नाही, बिलाच्या मागे चार ओळी नाहीत, आत एखादा नकाशा नाही.

पाट्यांची गोष्ट तर मनाला फार लागली. 2022 साली राज्य सरकारने कायद्यात दुरुस्ती करून सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची केली आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्यामुळे आमच्या दुकानाच्या दारावर मोठ्ठी देवनागरी पाटी आहे. आत मात्र छताला टांगलेल्या सगळ्या पाट्या इंग्रजीत, आणि शब्दही कुठले, तर ‘स्टेपल्स’, ‘कलिनरी’, ‘पर्सनल केअर’. अण्णांना इंग्रजी येतं. पण ‘स्टेपल्स’ म्हणजे डाळ-तांदूळ हे त्यांनी का ओळखायचं? आणि ज्यांना इंग्रजी येत नाही अशा किती बायका, किती म्हातारी माणसं तिथे रोज येतात. ‘डाळी’, ‘तांदूळ’, ‘तेल-तूप’, ‘साबण’ एवढं लिहायला कितीसा खर्च येतो?

मी तक्रारवहीत लिहिलं, व्यवस्थापकांनाही भेटले. माणूस सौजन्याने बोलला, हे सांगायलाच हवं. म्हणाले, “मॅडम, आम्हालाही वरून येतं, पण पाट्यांचं बघतो.” होळीच्या सुमाराला मराठी पाट्या लागल्या, छापील कागदाच्या का होईना, पण लागल्या. डाळी-तांदूळ, पिठं, मसाले असं स्वच्छ लिहिलंय. नकाशा आणि उपासाचा कोपरा मागितला होता, तो अजून झालेला नाही. मी पुन्हा नोंद केली आहे.

तिथे काम करणाऱ्या मुलामुलींबद्दलही लिहायला हवं. सुरुवातीला त्यांनाच काही सापडत नव्हतं. दर मिनिटाला कुणीतरी विचारणार, वर त्यांना माल भरायचा, कागदाप्रमाणे लावायचा. लोक त्यांच्यावर खेकसायचे, ते बघवत नसे. शिवाय रांगांमध्ये वेगवेगळ्या रंगांचे टीशर्ट घालून जी मुलं उभी असतात त्यातली बरीच दुकानाची नसतातच. ती त्या-त्या कंपनीने ठेवलेली असतात, आपल्या शाम्पूची किंवा चहाची माहिती द्यायला. त्यांना हिंग कुठे आहे हे विचारून उपयोग नाही आणि ती त्यांची चूकही नाही. दुकानाच्या गणवेशातल्या माणसालाच विचारावं.

भावपट्ट्यांचा घोळ बरेच दिवस चालला. माल हलला, पण फळीच्या कडेची पट्टी जुनीच राहिली. जाड रव्याच्या खाली बारीक रव्याचा भाव, इंद्रायणीच्या खाली कोलमचा. ‘एकावर एक’ची पट्टी शेजारच्या मालाखाली. एमआरपीपेक्षा जास्त पैसे माझ्याकडून एकदाही घेतले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगते. पण फळीवर वाचलेला भाव एक आणि बिलात दुसरा असं होत राहिलं आणि मग गल्ल्यावर मागच्या रांगेसमोर वाद घालायचा. आता हे बरंच सुधारलंय. तरी पट्टीवर विसंबू नका, पाकिटावर बघा. पाकिटावर ग्रॅममागे किंवा किलोमागे दर छापणं कायद्याने बंधनकारक आहे. अक्षर बारीक असतं, पण मोठं पाकीट स्वस्त पडतं की छोटं, हे तिथे लगेच कळतं. आणि खरोखर जादा भाव लावला गेला, दुकान ऐकत नसेल, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

आता जे चांगलं झालं ते. भाजीचा वजनकाटा भाजीजवळच आला, त्यामुळे कोथिंबिरीची जुडी घेऊन दुकानभर हिंडावं लागत नाही. फ्रोझन मटार, आइस्क्रीम, पनीर बिलाच्या आधी शेवटी येतं, उन्हाळ्यात हे फार सोयीचं झालं. रांगा रुंद झाल्यात. चाकाची खुर्ची सहज जाते, पूर्वी अडकायची. साबण-डिटर्जंट खाण्याच्या सामानापासून लांब गेलं, तेही बरं झालं. ज्यांची नजर चांगली, पाय चांगले आणि घाई नाही, त्यांना नवी मांडणी आवडेलही. माझी मुलगी म्हणते जुन्यापेक्षा हेच बरं.

अण्णांनी मात्र तिथे जाणं कमी केलं. कुणाला सारखं विचारत फिरणं त्यांना आवडत नाही आणि त्यांचा स्वभाव बदलावा असं मलाही वाटत नाही. आठवड्याचं सामान ते आता चौकातल्या वाण्याकडून आणतात. तूरडाळ तिथे थोडी महाग पडते, माल निवडायला मिळत नाही, पण ‘अण्णा, काय देऊ?’ म्हणून विचारतात आणि हिंगाची डबी हातात येते. दहा मिनिटांत घरी माल आणून देणारं अ‍ॅप मुलीने त्यांच्या फोनवर टाकून दिलं होतं. ते त्यांना नको. सामान आणण्याइतकंच घराबाहेर पडणं त्यांना हवं असतं. ठाण्याला माझी नणंद मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात आहे. 1975 साली सुरू झालेली ही संस्था. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची मागणी यादीवर भरायची, माल संघाकडे एकत्र येतो आणि सगळे मिळून वाटून घेतात. शोधाशोधीचा प्रश्नच नाही. आमच्या सोसायटीत असं काही जमतं का, याची चौकशी मी सुरू केली आहे.

महिन्याचा किराणा मी अजून त्याच दुकानातून भरते, कारण भाव परवडतात आणि माल ताजा असतो. पाचपैकी अडीच देईन. उपासाचा कोपरा आणि दाराशी मराठीत नकाशा आला तर साडेतीन.

ज्यांच्या घरी अण्णांसारखं कुणी आहे त्यांच्यासाठी, आमच्याकडे जे उपयोगी पडलं ते सांगते. यादी रांगांच्या क्रमाने लिहायची, जाड काळ्या पेनाने, मोठ्या अक्षरात, आणि प्रत्येक वस्तूपुढे रांग आणि फळी: ‘तूरडाळ, मागची भिंत, सगळ्यांत खाली’. पहिल्यांदा आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी, गर्दी नसताना, सोबत जायचं आणि त्यांनाच ढकलगाडी धरू द्यायची. दोनतीन फेऱ्यांत नेहमीच्या वस्तू पुन्हा हाताला येतात. अशी यादी हातात दिल्यावर अण्णा मागच्या महिन्यात एकटे जाऊन तेल आणि गूळ घेऊन आले. गणपतीच्या आधी पूजेचं साहित्य आणि मोदकाचं पीठ पुढे आणतात, तेव्हा बाकीचा माल पुन्हा हलेल. त्यामुळे श्रावण संपताना एक फेरी मारून यादी दुरुस्त करून घ्यावी लागेल.